अण्णाजीचा जुना कॉम्प्युटर

आमच्या यायचं, जयवंताचं, टाळकं सरकलेलं हाय, हे मी अख्ख्या सेवाग्रामले सांगून राह्यली. दवाखान्यात कारकुनी करतात अन् घरी आले की जुने कॉम्प्युटर उकलून बसतात. टीव्हीले जोडायचे, टेपच्या कॅसेटवर चालायचे, तसले! सोल्डरिंग कुठी? माह्या पोळपाटावर! पिवळी पडलेली बटणं उजळायले केस ब्लीच करायची क्रीम फासून स्लॅबवर उन्हात ठेवतात, माह्या कुरड्यायच्या बाजूले. सांगा, कोणाचं डोकं नाई फिरणार?

पण अण्णाजीच्या कॉम्प्युटरले मी कधी नावं ठेवली नाई. अल्लीपूरचे अण्णाजी म्हणजे यायचे शाळेतले मास्तर. आपल्या पोरीसाठी, गुंजनसाठी, त्यायनं त्या डब्यावर एक खेळ बनवला होता. पडद्यावर बैलबंडी धावते अन् खाली तिचं नाव येते. गुंजन तापानं गेली. कॅसेट राह्यली, पण कॉम्प्युटर बंद पडला. "एक डाव पाहू दे रे," म्हातारा म्हणत राहे. जळालेल्या चिपच्या जागी दुसरी शोधता शोधता आमचे हे पार झिजले. भेटली एकदाची. तशी आता कोणी बनवतच नाई.

दसऱ्याले अण्णाजी सोनं घेऊन आले. डबा उघडाच होता, चिप तापते म्हणून. कॅसेट लावली, पडद्यावर खेळ चढतानाचे पट्टे धावायले लागले. अन् अण्णाजीनं काय करावं? दसऱ्याले यंत्र पुजतात न! देवाजवळचा तांब्या घेतला, फूल बुडवलं अन् डोळे मिटून शिंपडलं.

चट्! पडदा काळा. जळका वास.

अरे देवा! चालू यंत्रावर पाणी? जन्मभर विज्ञान शिकवलं या माणसानं! माह्या तोंडात शिवी आलती.

अण्णाजीनं तांब्या खाली ठेवला. मले म्हणे, "पोरी, माह्या हातानं गेलं काय?"

यायले खोटं बोलता येत नाई. तोंड उघडलं असतं तर "हो"च निघालं असतं. मंग मीच भडकली यायच्यावर. "तुमच्या हाताले काय होते अण्णाजी! यायनंच अर्धवट जोडलं! सकाळपासून बोंबलून राह्यली, वायर पक्की करा, वायर पक्की करा! एक काम धड येत नाई या माणसाले!"

हे मान खाली घालून म्हणाले, "हो मास्तर, माह्यंच चुकलं."

अण्णाजीचा जीव भांड्यात पडला. उलटे मलेच रागावले, "सणासुदीले नवऱ्याले असं बोलते काय? करन तो पुन्हा."

मी चहाच्या नावानं आत गेली. कुठून करतात पुन्हा? चिप काय झाडाले लागते? गॅस पेटवला अन् ढसाढसा रडली.