बन्सीधररावांचा उजवा हात

गंगाखेडच्या अलीकडच्या एका गावात बन्सीधरराव नावाचे बागायतदार राहतात. माणूस दिलदार, पण उभ्या आयुष्यात घरात पाण्याचा पेला त्यांनी हातानं भरून घेतला नव्हता. न्हाणीत पाणी काढलेलं असतं, सदरा खाटेवर असतो, ताट पुढ्यात येतं. हे सगळं आपोआप होतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं, ती कधी मोडली नव्हती.

गेल्या वर्षी मोटारसायकलवर मागं पाहुणा घेऊन निघाले असताना, "आपली हद्द इथून सुरू होती बरं का," म्हणून दाखवायला त्यांनी हात सोडला. गाडी हद्दीतच कोसळली. पाहुणा उसात पडला आणि बन्सीधरराव उजव्या मनगटावर.

प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं ताठ. मूठच मिटेना. डॉक्टरांनी परभणीला ऑक्युपेशनल थेरपीला धाडलं. रोजची कामं ज्याची त्याला पुन्हा करता यावीत म्हणून तिथं हाताला तयार करतात, असं सांगितलं.

तिथल्या मधुवंती मॅडमनी विचारलं, "काका, पडायच्या आधी घरात काय काय स्वतः करत होता?"

"समदंच की!"

"चहा?"

"प्यायचो."

"कपडे?"

"घालायचो."

"स्वयंपाक?"

"जेवायचो ना!"

मागच्या बाकावर तानुबाईनं तोंडाला पदर लावला. मॅडमही चक्रावल्या. "मग आपल्याला परत मिळवायचं काय आहे?"

बन्सीधररावांनी बराच विचार केला. "तंबाखू मळता येईना."

"तंबाखू नको. आपण कणीक मळू."

ते हसले नाहीत. खाली बघत हळूच म्हणाले, "पंगतीत डाव्या हातानं जेवावं लागतंय, मॅडम. लग्नाला जायाचंच सोडलंय मी."

मॅडमनी मान हलवली. "तेही जमवू. पण घरी मी सांगते ते करायचं."

कणीक मळायची, शेंगा फोडायच्या, ओले कपडे पिळायचे, सदऱ्याची बटणं लावायची.

"ही तर बायकांची कामं हायेत!"

"हाताला कुठं ठाऊक असतं, काका?"

निघताना तानुबाई मागं वळल्या. "मॅडम, नुसता टॉवेल पिळायचा, का चादर पिळली तर लवकर गुण येईल?"

सुरुवातीला हात असा ठणकायचा की बन्सीधरराव कणकेला शिव्या द्यायचे. एकदा अंगणात ते लुगडं पिळत असताना शेजारचा चंद्रभान आला.

"दादा, वहिनीनं कामाला लावलं का काय?"

"तुला काय कळतंय! थेरपी हाय ही. परभणीची."

दुसऱ्या दिवशी चंद्रभानची बायको कमलबाई तानुबाईला कोपऱ्यात घेऊन विचारायला लागली, "आमच्या मालकाचा हात चांगला हाय, तरी घेतील का ओ तिथं?"

मग एका सकाळी गळ्याखालचं बटण आपल्या हातानं लागलं. बन्सीधररावांनी ते काढलं आणि पुन्हा लावलं. तानुबाईला हाक मारून बोलावलं. नुसती मान वर करून बटण दाखवलं.

त्यानंतर बन्सीधरराव पंगतीत उजव्या हातानं जेवले, तेही मागून मागून. हळूहळू चहा करायला आला, पिठलं करायला आलं. तेव्हा कुठं तानुबाई चारठाण्याला बहिणीकडं निघाल्या. चांगलं आठ दिवस राहीन म्हणाल्या आणि तिसऱ्याच दिवशी एसटीनं परत दारात उभ्या.

बन्सीधरराव चुलीपुढं होते. "का गं, भैनीशी भांडलीस का?"

"तुमचा एक बी फोन न्हाई! मीठ कुठं हाय, तेल कुठं हाय, कायच इचारलं न्हाई!"

"सापडलं की समदं."

तानुबाई पिशवी आदळून खाली बसल्या. आपलं काय चुकलं ते बन्सीधररावांना कळेना. त्यांनी ताट वाढलं, कडा फाटलेली भाकर अन् पिठलं, आणि तानुबाईपुढं सरकवलं.

तानुबाईनं घास घेतला. "मीठ लय झालंय," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं आणखी पिठल्यासाठी ताट पुढं केलं.