शेवटचा टप्पा

स्वामीमलैच्या बसमध्ये शेजारचा पिकल्या मिशांचा माणूस हातातल्या छोट्या यंत्रावर जुने व्हिडिओ गेम खेळत होता. हरला की यंत्र कपाळाला लावून पुन्हा सुरू करायचा. त्यातला विमानांचा गेम मी ओळखला.

"लहानपणी मी याच्या शेवटच्या टप्प्यावर असताना दुकानदारानं मशीन बंद केलं," मी तणतणलो. "नाहीतर जिंकलोच होतो."

त्यानं तोच टप्पा लावून यंत्र माझ्या हातात दिलं. "खेळा सार," तो तमिळ ढंगात म्हणाला. "यात हवं तितकं मागं जाता येतं."

तिरुवलंचुळी येईपर्यंत मी अकरा वेळा मागं गेलो आणि अकरा वेळा त्याच पुलापाशी मेलो.

उतरताना यंत्र परत घेत त्यानं विचारलं, "आज कुणी बंद केलं, सार?"

चाळीस वर्षं ज्या दुकानदाराला शिव्या घालतोय, त्यानं मला हरवलं की वाचवलं, अजून कळत नाही.