बुडवून ठेवलेली नाव

मामांची शिडाची नाव माझ्यामुळे गेली. तिला जपायला म्हणून मी पुढे झालो, आणि वर खोटं बोललो.

निफाडकडे धरणाच्या फुगवट्यात ही सागवानी नाव ऊस, कांद्याच्या गोण्या आणि माणसं पलीकडे न्यायची. पूल झाला तसं तिचं काम संपलं. तरी मामा दर उन्हाळ्यात तिच्यात दगड भरून तिला काठाजवळच्या पाण्यात बुडवून ठेवत. फळ्या सुकल्या की आकसतात आणि सांधे उघडतात. ओल्या राहिल्या की फुगून घट्ट बसतात. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो.

खुब्याच्या ऑपरेशननंतर मामा उन्हाळाभर नाशिकला माझ्याकडे होते. तेवढ्यात मी गावी जाऊन, त्यांनी ऑपरेशनआधी बुडवलेली नाव ट्रॅक्टर लावून वर काढली. अशी नाव आता आसपास दुसरी नाही आणि ती चिखलात पडलेली, याची मला पाहुण्यांसमोर लाज वाटायची.

मामी म्हणाली, "त्यांना इचारलं का?"

"म्युझियमसारखी ठेवू, मामी."

"मंग मलाबी बसव शेजारी. मीबी जुनीच हाय."

अंगणात पत्र्याची शेड उभारली, नावेला निळा ऑइलपेंट दिला. मे महिन्यात पत्रा तापला. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. तळाची एक फळी उभी तडकली.

मामा काठी टेकत गावी परत आले, नावेभोवती फिरले आणि ओट्यावर बसले. त्यांनी काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "लाकूडच संपलं होतं, मामा. वर काढली तेव्हाच तडकलेली होती."

ते म्हणाले, "मंग माझंच चुकलं. मागल्या साली तेल पाजायचं राह्यलं."

पुढे मी गेलो की ते नावेचा विषय काढत नसत. जेवताना मध्येच हात थांबतो, "बापाची नाव माझ्या हातून गेली" म्हणतात, असं मामीने सांगितलं. त्या घरी जायचं म्हटलं की मला आदल्या दिवसापासून थकवा यायचा. तरी जायचो, चहा घ्यायचो, परत यायचो.

गेल्या रविवारी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो.

"मामा, नाव चांगली होती. एकही फळी तडकलेली नव्हती. तुम्ही ती का बुडवून ठेवता, हे मला ठाऊक होतं. तरी मी ती सुकवली, आणि दोष तुमच्यावर येऊ दिला. तुमचं काही चुकलं नाही. मला माफ करा."