सुजाताच्या वहीचं एकतिसावं पान

सुजाता गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी नांदुऱ्याच्या शाळेत नववीचा वर्ग घेत होतो. "सलीमभाऊ, ताई गेली," एवढंच. तिच्या किडन्या कधीच थकल्या होत्या, तरी फळ्यावरचं गणित अर्धंच सोडून मी वर्गाबाहेर आलो.

वडनेर भोलजीची ही मुलगी कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. पुढे ती कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रावर संशोधन करू लागली. एकदा सुटीत आली तेव्हा मी विचारलं, "तुह्यं तिथं काम तरी काय?" ती हसली. "इलेक्ट्रॉनचे गठ्ठे धावतात. सारे ऋण विद्युतभाराचे, म्हणून एकमेकाले ढकलतात. कुठं जरासे जास्त दाटले, की त्याच्या दोन लाटा होतात. एक पुढं पळते, एक मागं राह्यते. त्या विरतात का वाढतात, तेच पाहून राह्यली मी."

बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली, त्या हंगामात फवारणी करताना तिच्या वडिलांना विषबाधा झाली. जीव वाचला, नजर गेली. आई आधीच वारलेली, भाऊ सुरतेला. सुजाता महिन्याभरासाठी म्हणून आली. रजा वाढत गेली आणि प्रयोगशाळेतली तिची जागा दुसऱ्याला मिळाली. मग वडिलांच्या खाटेशेजारी बसून ती कागदावरच त्या लाटा सोडवू लागली. यंत्र नाही, पण गणित तर आहे, म्हणायची. पुढे तीच आजारी पडली.

शेवटची भेट दवाखान्यात. तिनं वही माझ्या हातात दिली. "सलीम, तू गणिताचा मास्तर. हे टाइप करून माह्या प्रयोगशाळेतल्या सरांले पाठवून देजो."

"हाव. परीक्षा झाल्या की बसतो."

परीक्षा झाल्या, पेपर तपासले, निकाल लागला. तिनं दोनदा फोन केला. "काऊन रे, झालं का?" मी दोन्ही वेळा "करून राह्यलो" म्हणालो. दोन महिने वही पिशवीतच होती. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

आता शाळेतून आलो की रोज टाइप करायला बसतो. तीस पानं झाली. एकतिसाव्या पानावर समीकरणातल्या एका पदाआधी बारीकशी रेघ आहे. ती उण्याची खूण असेल तर लाट विरते. नुसता हात थरथरला असेल तर लाट वाढत जाते, सगळा गठ्ठा विस्कटतो. सरांना फोटो पाठवला. मधल्या पायऱ्यांशिवाय सांगता येणार नाही, असं त्यांनी कळवलं. पायऱ्या तिच्या डोक्यात होत्या…

भिंग विकत आणलं. खिडकीपाशी जाऊन पान उजेडात धरतो, पुन्हा टेबलावर ठेवतो. तिला विचारायला माझ्याकडे दोन महिने होते.