नंदाताईचा पालथा वाडगा

बातमी आली तेव्हा मी रबाळ्याच्या गाळ्यात नंदाताईच्या वाडग्यावर पाणी फवारत होते. फोनवर तिचे यजमान, सुधाकरभाऊजी, एवढंच म्हणाले, "गेली गं... धावत येऊ नकोस, सावकाश ये." मी बाटली खाली ठेवली, वाडग्यावरचं प्लॅस्टिक पुन्हा नीट गुंडाळलं आणि दिवा मालवला. आता तो कोणासाठी ओला ठेवायचा, हे त्या वेळी मनातही आलं नाही.

नंदाताई माझी थोरली मावसबहीण. विजेच्या तारांसाठी इन्सुलेटर बनवणाऱ्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, तिने आयुष्यभर चिनी माती तपासली. निवृत्त झाल्यावर तिथेच जवळ अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि दोन चाकं व एक गॅसची भट्टी मांडली. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नोकरीतून नुकतीच मोकळी झाले होते. उलव्याच्या नव्या फ्लॅटमध्ये दिवस सरत नसे. "पुस्तकं पुरे झाली, जरा हात मळव," म्हणत तिनेच मला नेलं.

चिनी माती मानी असते. पाणी जरा जास्त झालं की खाली बसते, जरा दुर्लक्ष झालं की तडकते. चाकावर माझा वाडगा कसाबसा उभा राहिला की ताई तार घेऊन तो मधोमध कापायची, भिंत कुठे जाड, कुठे पातळ ते दाखवायला. चांगला जमलेलाही कापायची. त्यामुळे माझं काहीच भट्टीपर्यंत पोचत नसे. एकदा मी कुरकुरले, "सोसायटीत बायका विचारतात, काय केलंस दाखव. काय सांगू?"

"सांग, चिखल केला," ताई म्हणाली. "खोटं आहे का?"

पण खरी कसोटी नंतरची. वाडगा चामड्याइतका घट्ट झाला की तो चाकावर पालथा घालायचा आणि पात्याने बूड तासायचं. आत किती माती उरली ते दिसत नाही. मधूनमधून बोटाने टिचकी मारायची. बूड जाड असेल तर आवाज बद्द येतो, पातळ होत गेलं की पोकळ. त्या आवाजावर थांबायचं. माझं पातं आरपार जायचं. "झाली गाळणी," ताई शांतपणे म्हणायची. पुढे मी धसका घेऊन लवकर थांबू लागले, तर म्हणाली, "भित्री. बुडात सगळी माती तशीच ठेवलीस. हा वाडगा आहे की वरवंटा?"

इस्पितळात जाण्याच्या आदल्या दिवशी तिने एक वाडगा उभा केला. रुंद, आणि इतका पातळ की मला त्याच्याजवळ श्वास घ्यायची भीती वाटली. तिला मात्र धाप लागली होती. "बूड उद्या तासते," म्हणाली. तो उद्या आला नाही. तासल्याशिवाय सुकला तर बूड तडकणार, म्हणून मी उलव्याहून रबाळ्याला जायची, प्लॅस्टिक सोडायची, पाणी फवारायची, आणि तिथून इस्पितळात तिच्याकडे. न्हावा शेव्याहून येणाऱ्या कंटेनरांच्या रांगेत बस अडकली की मला डोळे उघडे ठेवणं कठीण व्हायचं. खोलीत शिरले की ताईचा पहिला प्रश्न, "ओलाय ना?"

एकदा मी भीत भीत म्हटलं, "मी तासू का?"

"तू? गाळणी करशील." मग छताकडे बघत म्हणाली, "मी नाही आले तर मात्र तूच कर. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

ताई गेल्यावर गाळा सोडायचा होता. भाऊजी सामान बांधत होते. मी वाडगा पालथा घातला, कडेला मातीच्या गोळ्या दाबून चाकावर बसवला. भाऊजी म्हणाले, "राहू दे गं. ओलाच ठेव अजून थोडे दिवस." किती दिवस, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी पातं टेकवलं. पांढऱ्या मातीची लांब साल सुटत गेली. टिचकी मारली, बद्द. पुन्हा तासलं, पुन्हा टिचकी. आवाज किंचित बदलला. ताईने इथे अजून एक फेरा नक्की घेतला असता. मी हात उचलला.

भट्टी शेवटची भाऊजींनीच लावली. गॅस सिलिंडरचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडेच असायचं. वाडगा शाबूत निघाला.

आता तो माझ्या खिडकीत पालथा असतो. त्यात काही ठेवायचं मला सुचत नाही. सकाळी जाता येता बोटाने टिचकी मारते, ती सवय हाताला लागली आहे. परवा भाऊजी आले होते. त्यांनी तो उचलून उजेडासमोर धरला. भिंतीतून त्यांच्या बोटांच्या सावल्या दिसत होत्या. बूड मात्र काळोखं होतं.

"इथे जाड राहिला का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "तिथे मी आहे."