सातव्या वर्षाचे पाणी

फिलोफ्तेया डिनू आमच्या गावात जन्मली, इथेच तिचे लग्न झाले, आणि साठाव्या वर्षी, घर न बदलता, ती अकरा देशांच्या सैनिकांची शेजारीण झाली. डॅन्यूबच्या उत्तरेच्या सपाटीवरचा आमचा विमानतळ पूर्वी एकट्या रुमेनियाच्या हवाई दलाचा होता. तिचा नवरा तनासे तिथे इंजिने दुरुस्त करी. पुढे मित्रदेशांची पथके आली. धावपट्टी लांबवली, कुंपण पुढे सरकले, आणि गावाचे कबरस्तान आपल्या क्रूसांसह, अक्रोडाच्या झाडासह आणि हातपंपासह कुंपणाच्या आत गेले. मृतांना हलवायचे नाही असे वचन दिले होते, ते पाळले गेले. जिवंतांविषयी ठरावात एकच वाक्य होते: यादीत नाव असेल त्यालाच प्रवेश, वर्षातून दोनदा, रक्षकाच्या सोबतीने.

तनासेला त्याआधी दोन वर्षे तिथे पुरले होते. फिलोफ्तेयाने तळावरच्या लाँड्रीत नोकरी धरली, कारण तिथल्या मागच्या खिडकीतून तो अक्रोड दिसे. सैनिकांची तोंडे तिने फारशी पाहिली नाहीत. ती त्यांना कपड्यांवरून ओळखे. स्पॅनिश खिशांत सूर्यफुलाच्या बिया सापडत. डच माणसे मोजे जोडी बांधून पाठवत. दर चार महिन्यांनी पथक बदले. "माणसं बदलतात, घाम तोच राहतो," असे ती म्हणे.

आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी सात वर्षे पोमाना देतात. शिजवलेला गहू, अक्रोड, साखर, सोबत पाव आणि मेणबत्ती. हे दान घरच्याला चालत नाही आणि पाद्र्यालाही नाही. परक्याने घ्यावे, खावे-प्यावे, तेव्हाच ते पलीकडे पोहोचते. सातवे शेवटचे. ते राहिले तर मृत माणूस कायमचा उपाशी राहतो. तनासेचे सातवे वर्ष जूनअखेरीस भरणार होते. परंतु गावातली तरुण माणसे इटलीत आणि स्पेनमध्ये दुसऱ्यांची शेते खुडत होती, दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळत होती. उरलेली सगळी एकमेकांच्या नात्यातली. परके म्हणावेत असे जे होते, ते कुंपणाच्या आत होते.

त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मेलेल्यांचा शनिवार होता, सगळ्यांनी कबरींवर जाण्याचा दिवस; पण सरावामुळे त्या दिवशी कबरस्तान बंद राहील असा कागद आला. सातव्याच्या दिवशीही असेच झाले तर काय, या विचाराने फिलोफ्तेया शुक्रवारी दुपारीच गहू शिजवायला बसली. शेजारची विर्जिनिका अंगणाच्या कुंपणावरून डोकावली.

"अगं बाई, चाळीस पुड्या? गावात चौदा तोंडं, त्यातली सहा बिनदातांची."

"गावासाठी नाहीत."

"मग काय विमानांना भरवणार?"

"विमानांच्या माणसांना."

"आणि कुणी घेतल्याच नाहीत तर?"

"चाळिसांत एक तरी भुकेला असेल की."

शनिवारी सकाळी तिने धुतलेल्या कपड्यांच्या प्रत्येक पिशवीत एक पुडी ठेवली: चंदेरी कागदात घट्ट गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली, मेणबत्तीची वात वर काढलेली. अकरा वाजता भोंगा वाजला. लाँड्री रिकामी केली गेली, चाकांचे एक यंत्र लोखंडी हात पुढे करून आत शिरले. फिलोफ्तेया इतरांबरोबर मैदानात उभी होती.

"काय झालं गं?"

"कुणीतरी स्फोटकं ठेवलीत म्हणे. धुतलेल्या कपड्यांत."

"मेलेल्यांच्या दिवशीसुद्धा?" असे म्हणून तिने छातीवर क्रूस काढला. स्वतःचा हात त्यात आहे हे लक्षात यायला तिला वीस मिनिटे लागली. मग ती स्वतःच रक्षकाकडे गेली.

तिचा पास जप्त झाला. चार दिवसांनी चौकशी झाली. प्रश्न एक परदेशी मेजर विचारत होते. भाषांतराला आमचा लेफ्टनंट वोइकू होता, जो आजीच्या मांडीवर हाच गहू खाऊन वाढला होता आणि आता टेबलाकडे पाहत बसला होता.

"हे कोणाच्या सांगण्यावरून ठेवलंत?"

"नवऱ्याच्या."

"ते कुठे राहतात?"

"तुमच्या धावपट्टीच्या उत्तर टोकाला. सात वर्षं होत आली."

मेजरांनी नकाशा उघडला. "बाई, तिथे कोणी राहत नाही."

"राहतो की. तुमच्याच यादीत आहे. कबर क्रमांक एकतीस."

वोइकू गावातल्या मावशीला हाक मारावी तसा हळूच म्हणाला, "तांती, जरा सरळ बोला ना. मला भाषांतर करायचंय."

"मी सरळच बोलतेय, बाळा. वाकडं तुझ्या कागदावर होतंय."

मेजर क्रूर नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे. बाहेरच्या माणसाकडून सैनिकाने खाण्याचे काही घेऊ नये, हा नियम ज्या भीतीतून आला, ती कुठेतरी खरी ठरलेली होती. पण प्रत्येक दिलेल्या वस्तूकडे संशयाने पाहण्याची सवय लागलेला माणूस हळूहळू घेणेच विसरतो. आणि जिथे कोणी घेत नाही, तिथे देणाऱ्यालाही जागा उरत नाही. त्या चाळीस पुड्या तपासून जाळल्या गेल्या होत्या. एकही खाल्ली गेली नव्हती.

नोकरी गेली. तनासेच्या दिवशी मात्र अर्ध्या तासाचा प्रवेश मंजूर झाला: ती, पाद्री आणि एक रक्षक. आत काही न्यायचे नाही, बाहेर काही आणायचे नाही.

"थोडा गहू?" तिने वोइकूला विचारले.

"नाही, तांती."

"पाव?"

"नाही."

"मेणबत्ती?"

"मेणबत्तीचं तर नावसुद्धा काढू नका."

त्या सकाळी फाटकावर जो रक्षक सोबत आला, तो पोर्तुगीज होता. फिलोफ्तेयाने त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण सदरा ओळखला; तिसरे बटण तिनेच पांढऱ्या दोऱ्याने लावले होते. पाद्री एफ्तिमिये यांनी प्रार्थना म्हटली. ती कबरीच्या एका बाजूला रिकाम्या हातांनी उभी होती, रक्षक दुसऱ्या बाजूला. प्रार्थना संपली तेव्हा नऊ मिनिटे उरली होती.

तिने हातपंपाकडे पाहिले. त्यावर तळाची पाटी होती: पाणी तपासलेले, पिण्यास योग्य. तिने रक्षकाच्या कमरेच्या पेल्याकडे बोट दाखवून हात पुढे केला. गोंधळून त्याने पेला दिला. तिने पंप हापसला, पेला काठोकाठ भरला, परत आली, आणि कबरीवरून हात लांबवून पाणी त्याच्यापुढे धरले.

त्याने पाद्र्याकडे पाहिले. "नियम आहे," तो म्हणाला.

एफ्तिमिये पाद्री होण्याआधी इटलीत विटा वाहत. तिथली भाषा रक्षकाला थोडी समजे. त्यांनी फिलोफ्तेयाचे म्हणणे त्याला सांगितले: "ती म्हणते, पाणी तुमचंच आहे, पेलाही तुमचाच. देणं तेवढं तिचं."

रक्षकाने टोपी काढून काखेत धरली, दोन्ही हातांनी पेला घेतला आणि न थांबता सगळे पाणी प्यायला. पेला परत देऊ लागला तेव्हा तिने मान हलवली. पोमानाचे भांडेही परत घ्यायचे नसते.

फाटकावरच्या सार्जंटने विचारले, "आत काय नेलं?"

"काही नाही."

"बाहेर काय आणलं?"

"काही नाही."

त्याने तसे लिहून घेतले.

विर्जिनिका दारातच बसली होती. "झालं का गं?"

"झालं."

"कुणी घेतलं?"

"परक्याने," फिलोफ्तेया म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसून शेंगा सोलू लागली.