नॉर्बर्टने सांगितलेली किंमत

नॉर्बर्ट तुस्कानोला फोन करणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो, किती लागतील? आणि नॉर्बर्टचं उत्तरही ठरलेलं. "साडेपाचशे डॉलर. अर्धे आधी. दहा महिने लागतात. घाई असेल तर दुसरीकडे जा." एवढं ऐकूनही जो फोन ठेवत नाही, तो त्याचं गिऱ्हाईक. धंदा करायची ही रीत नव्हे, असं मी त्याला कितीदा तरी सांगून पाहिलं. तो नुसता हसतो आणि हातातल्या हरणाच्या कानाकडे परत वळतो.

नॉर्बर्ट टॅक्सिडर्मिस्ट आहे. शिकाऱ्याने मारलेल्या हरणाचं मुंडकं भिंतीवर जिवंतासारखं दिसेल असं करून देणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. आपल्याकडे याला पेंढा भरणं म्हणतात. त्याच्यासमोर मात्र हा शब्द काढायची सोय नाही. "पेंढा आता कोण भरत नाय," तो चिडून सांगतो. "फोमचा साचा असतो. त्याच्यावर कातडं चढवायचं. डोळे काचेचे. आणि बाकी सगळं माझं डोकं."

तो वसईजवळच्या निर्मळचा. तरुणपणी मामाच्या हाताखाली चर्चमधल्या पुतळ्यांना रंग द्यायचा, नाताळच्या गोठ्यातली मेंढरं घडवायचा. मग मस्कत, आणि एकोणनव्वद साली बायको लिलीबरोबर विनिपेग. लिलीला नर्सिंग होममध्ये काम मिळालं, याला मांसाच्या कारखान्यात कातडी सोलायचं. अकरा वर्षं त्याने तेच केलं. खांदा गेला तेव्हा कारखान्याने घरी बसवलं. तिथून कातडी न्यायला येणारा एक म्हातारा टॅक्सिडर्मिस्ट होता, त्याने याचा हात पाहिला होता. त्या म्हाताऱ्याने चार वर्षांत सगळं शिकवलं आणि मरताना हत्यारंही याच्या स्वाधीन केली. तेव्हापासून नॉर्बर्टच्या बेसमेंटमध्ये नाताळचा गोठा वर्षातून महिनाभर आणि हरणं बारा महिने.

मी नागपूरची. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नाही. माझी आणि या माणसाची गाठ पडायचं काहीच कारण नव्हतं. ती पडली माझ्या मूर्खपणामुळे, आणि त्या मूर्खपणाचे मी आज आभार मानते.

आमच्या शेजारी वॉल्टर राहायचा. एकोणऐंशी वर्षांचा, विधुर, युक्रेनमधून आलेल्या शेतकऱ्यांचा नातू. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात रविकांत, म्हणजे माझा नवरा, कामासाठी टोरोंटोला गेलेला असताना घरातला फर्नेस बंद पडला. बाहेर उणे पस्तीस. वॉल्टर टूलबॉक्स घेऊन आला, तीन तास खाली खुडबुड करून त्याने तो चालू केला आणि घर तापेपर्यंत कोट घालून माझ्या किचनमध्ये बसून राहिला. अशा माणसाला नाही म्हणता येत नाही.

म्हणूनच २००८ च्या नोव्हेंबरात त्याने विचारलं तेव्हा रविकांत मला न विचारताच हो म्हणून बसला. वॉल्टरने हरीण मारलं होतं. पन्नास वर्षं तो दर हिवाळ्यात एक मारायचा, खायला. भिंतीवर मात्र त्याने कधीच काही लावलं नव्हतं. या वर्षी त्याच्या नजरेच्या मधोमध डाग पडायला लागले होते, आणि पुढच्या सीझनला नेम धरता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. हे शेवटचं हरीण त्याला ठेवायचं होतं, आणि डोळे आहेत तोवर बघायचं होतं. टॅक्सिडर्मिस्टने तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली होती. वॉल्टरचा फ्रीझर मांसाने भरलेला, आमचा बेसमेंटमधला अर्धा रिकामा. झालं. एका काळ्या पिशवीत मुंडकं आणि मानेखालचं कातडं, माझ्या खवलेल्या नारळाच्या शेजारी.

मी दोन दिवस रविकांतशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, ते त्याला जास्त महागात पडलं.

पुढे मार्गशीर्ष लागला. मी मार्गशीर्षातले गुरुवार करते. कलश मांडायचा, महालक्ष्मीची कहाणी वाचायची, आणि महिनाभर घरात अभक्ष्य काही नको. पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी माझं डोकं त्या पिशवीपाशीच घुटमळत होतं. वॉल्टरकडे जाऊन सरळ सांगितलं असतं तर त्याने पाच मिनिटांत दुसरी सोय केली असती. पण आपल्या देवधर्माचं स्पष्टीकरण इंग्रजीत द्यायचा मला तेव्हा फार कंटाळा यायचा. खरं सांगायचं तर लाज वाटायची. म्हटलं, बाहेर अख्खं शहर गोठलंय, पिशवी गराजमध्ये ठेवली तर काय बिघडतंय? उचलताना मात्र वाटलं, एवढा मोठा जीव, आणि मी त्याला घराबाहेर काढतेय. म्हणून पिशवीच्या गाठीवर हळदकुंकू वाहिलं, चार अक्षता टाकल्या, हात जोडले आणि फळीवर ठेवून आले.

गराजमध्ये रविकांतने त्याच आठवड्यात हीटर बसवला होता, सकाळी गाडी चालू व्हावी म्हणून. फळी बरोबर त्याच्या वर.

रविवारी वास आला तेव्हा मला कळलं. पिशवी मऊ पडली होती. मी ती गुपचूप परत फ्रीझरमध्ये कोंबली, साबणाने तीनदा हात धुतले आणि कोणालाही काही सांगितलं नाही. रविकांतलाही नाही. पाच-सहा दिवसांनी वॉल्टर आला, थँक यू म्हणाला, वाइनची बाटली देऊन पिशवी घेऊन गेला. पुन्हा गोठलंय ना, मग झालं तर, अशी मी माझी समजूत घातली.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात साठीच्या आसपासचा बुटका, सावळा माणूस, कानटोपी हातात. मी "येस?" म्हणेपर्यंत त्याने मराठीत विचारलं, "ताई, पिशवीला हळदकुंकू तुम्ही लावलंत काय?"

मी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले.

त्याने बूट काढले, आत आला, कलशाकडे बघून मान लववली. "आमच्या आळीतल्या वैद्य काकू करायच्या हे. संध्याकाळी आईला फळं आणून द्यायच्या," तो म्हणाला. मग खुर्चीवर बसून त्याने शांतपणे सांगितलं, की कातडं एकदा वितळून परत गोठलं की केस मुळातून सुटतात. मानेच्या डाव्या बाजूला तळहाताएवढ्या भागाचे केस त्याच्या हातात आले होते. पिशवी शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये होती एवढं त्याला वॉल्टरकडून कळलं होतं; वॉल्टरला मात्र त्याने अजून काही सांगितलं नव्हतं.

मी रडायला लागले. रडता रडताच पर्स उघडली. "काय लागेल ते सांगा. मी देते. त्यांना कळू देऊ नका."

"दीडशे डॉलरला दुसऱ्या हरणाचं कातडं मिळतं," नॉर्बर्ट म्हणाला. "शिंगं त्याची, कातडं भलत्याचं. पुष्कळ लोक करतात. कोणाच्या बापाला कळत नाय."

"मग तेच करा."

"करीन. वॉल्टर हो म्हणाला तर." त्याने कानटोपी गुडघ्यावर सरळ केली. "हरीण त्याचं हाय. मी त्याला काय सांगायला जाणार नाय, ते तुमचं काम. पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाय. शनिवारपर्यंत थांबतो."

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की विचारू नका. आला कोण कुठला, माझ्या घरात बसून मला शहाणपण शिकवतो. त्याला चहासुद्धा विचारला नाही मी. नंतर कितीतरी दिवस त्याचीच लाज वाटत राहिली.

शनिवारी सकाळी मी वॉल्टरच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मार्गशीर्ष, कलश, हीटर, लपवाछपवी. दुसऱ्या कातड्याचंही सांगितलं. तो चौकटीला टेकून ऐकत होता. मग म्हणाला, "मी त्या हरणाला मारलं. दुसऱ्याचं कातडं मला नको." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तशीच मी नॉर्बर्टकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, एकदाच मान हलवली आणि विचारलं, "शिवता येतं?"

माझी आई ब्लाउज शिवायची. दहावीपर्यंत हातशिलाई सगळी माझ्याकडे असायची. तसं सांगितलं तर म्हणाला, "भिंतीसाठी कसं कापायचं ते वॉल्टरला माहीत नव्हतं, त्यामुळे कातडं खांद्यामागे लांबपर्यंत ठेवलंय. देवाचीच कृपा. तिथला तुकडा काढून मानेला जोडता येईल. टाके बारीक पाहिजेत, आणि माझी बोटं आता तेवढी बारीक चालत नाय. तुम्ही शनिवारी येत जा. तसं झालं तर हे आधी हातात घेतो, जुलैत देतो. नायतर ऑक्टोबर."

"आणि किंमत?" मी विचारलं.

"किंमत तीच. साडेपाचशे. ती वॉल्टर देणार. तुमची वेगळी."

कातडं कमावून यायला एप्रिल उजाडला. तोवर वॉल्टर माझ्याशी बोलला नव्हता. दिसला की हात वर करायचा, तोही रविकांतला. पहिल्या शनिवारी नॉर्बर्टच्या बेसमेंटमध्ये मी ग्लव्ह्ज घालून बसले आणि पहिला टाका घालायच्या आधीच वॉशरूमकडे पळाले. लिलीने मला लिंबू सरबत दिलं. नॉर्बर्टने दिवा माझ्या बाजूला सरकवला. कातडं उलटं धरायचं, केस आत दाबत जायचे, प्रत्येक टाक्यानंतर उलटवून लव एका दिशेने पडतेय की नाही ते बघायचं. चुकलं की तो उसवायला लावायचा. एका शनिवारी अकरा टाके घातले आणि नऊ उसवले. ग्लव्ह्जमध्ये सुई नीट लागेना, म्हणून तिसऱ्या आठवड्यात ते काढून टाकले.

तो काम करता करता बोलायचा. वसईची केळी, मामाची शिवीगाळ, कारखान्यातली थंडी. एकदा म्हणाला, "संताचे डोळे वर लावायचे, सोपं असतं. हरणाचे समोर लावायचे. समोर बघणारे डोळे खोटे पडले की लगेच कळतं." हे त्याने मला उद्देशून म्हटलं नव्हतं, पण मी ते घरी घेऊन गेले.

कातडं चढवायच्या दिवशी त्याने फोमच्या साच्यावर पेन्सिलीने वॉल्टरचं नाव आणि तारीख लिहिली. तो नेहमी लिहितो, मग ती कातड्याखाली जाते आणि कोणी बघत नाही. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. म्हणाला, काम केलंय त्याचं नाव पाहिजे. मी देवनागरीत 'उल्का' असं लिहिलं आणि आम्ही दोघांनी मिळून वरून कातडं ओढलं.

जुलैत वॉल्टर आला. तो जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. डोळे डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा लवकर गेले होते. समोरचं काही दिसत नव्हतं, कडेचं थोडंसं. हरणासमोर उभा राहून तो मान डावीकडे, उजवीकडे वळवत राहिला, डोळ्याच्या कोपऱ्यात ते येतंय का बघत. मग त्याने नाद सोडला आणि हात पुढे केला. नाक, कपाळ, शिंगांची मुळं, कान.

त्याने पाच पन्नासाच्या, एक विसाची आणि एक पाचाची अशा नोटा बोटांनी चाचपत काढल्या. उरलेले पावणेतीनशे. "आणि शिवायचे?" त्याने विचारलं.

"ते आले," नॉर्बर्ट म्हणाला. "ती सोळा शनिवार इथे बसलीय."

वॉल्टर माझ्या दिशेने वळला. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलणार होता आणि मला दोन पावलं मागे सरकावंसं वाटलं.

"मग तू याला माझ्यापेक्षा जवळून बघितलंयस," तो म्हणाला. "सांग मला, कसा दिसतोय."

मी सांगायला लागले. डोकं जरासं उजवीकडे वळलंय, काहीतरी ऐकल्यासारखं. डावा कान मागे आहे. डोळ्यांभोवती पांढरी कड, हनुवटीखाली पांढरा डाग. एका शिंगाचं टोक तुटलेलं, ते नॉर्बर्टने तसंच ठेवलंय. त्याला दिसत नव्हतं ते सगळं मी त्याला दिलं.

"आणि टाके? दिसतात?"

नॉर्बर्टने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर कोणी धरलं नसतं.

"दिसतात," मी म्हटलं. "मानेच्या डाव्या बाजूला. लव थोडी वेगळी पडलीय. नीट बघितलं तर कळतं."

वॉल्टरने अंगठ्याने ती जागा शोधली आणि हळूहळू खालपर्यंत अंगठा नेला.

"छान," तो म्हणाला. "मग ही बाजू दाराकडे लावू. येणारा प्रत्येक जण विचारेल, आणि मला त्याला सांगता येईल की हे माझ्या शेजारणीने शिवलंय."

मी नॉर्बर्टकडे बघितलं. तो पाठ करून हत्यारं पुसत होता.